नवी वाट पाडण्याचे कृपादान : मुंबईत ते वापरायचे कसे, आणि हवाली करायचे कधी

बहुतेक प्रत्येक मंडळीत असा एखादा माणूस असतो. वर्षानुवर्षे चालत आलेल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत त्याचे मन रमत नाही. पण बदलापूरच्या पुढे वांगणीला चार मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहायला गेली आहेत आणि त्यांना जवळपास मराठी उपासना नाही, असे कानावर आले की त्याची झोप उडते. मंडळी अशा माणसाला अस्वस्थ म्हणते, कधी आगाऊही म्हणते. बायबल त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. जिथे ख्रिस्ताचे नाव अजून घेतले गेलेले नाही तिथेच सुवार्ता सांगायची, दुसऱ्याच्या पायावर बांधायचे नाही, ही आपली हौस असल्याचे पौल रोमकरांस 15:20 मध्ये सांगतो. 1 करिंथ 3:10 मध्ये तो स्वतःला पाया घालणारा कारागीर म्हणवतो आणि त्यावर इमारत दुसरा बांधतो हे त्याच वाक्यात मान्य करतो. ही दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. पुढची सारी कृती त्याच ओळीला धरून लिहिली आहे : काम सुरू करण्याच्या दिवसापासून ते कोणाच्या हाती द्यायचे याचा विचार करायचा.

नवे काम म्हणजे दर वेळी नवी मंडळीच असते असे नाही. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते विधवा आणि मुलींसाठीचे वसतिगृह व शाळा होते. आज हेच कृपादान, म्हणजे नवे काम सुरू करण्याची देवाने दिलेली देणगी, रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी दुपारची प्रार्थना सुरू करण्यात दिसेल, किंवा इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी शास्त्र वाचायला शिकवणाऱ्या वर्गात दिसेल. इथे उदाहरण म्हणून घरगुती मराठी प्रार्थनागट घेतला आहे, कारण मुंबईत गरज त्याचीच जास्त पडते. गिरगाव, भायखळा, परळची कुटुंबे विरार, टिटवाळा, तळोजा, उलवे इथवर पांगली आणि मंडळ्या होत्या तिथेच राहिल्या.

आधी पारख : कृपादान की नुसती चुळबुळ?

हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसते. फरक मागच्या कामांत सापडतो. कागद घ्या आणि गेल्या दहा वर्षांत तुम्ही सुरू केलेल्या गोष्टी लिहा : तरुण संघाची सहल, शब्बाथ शाळेचा वर्ग, रुग्णभेटीचा गट, सोसायटीतले वाचनालय, काहीही. प्रत्येकीपुढे दोन प्रश्न. ती तुमच्याशिवाय चालली का? आणि तिच्यात कोणी आपणहून आले, की सगळ्यांना फोन करकरून आणावे लागले? यादी लांबलचक आहे पण एकही काम मागे उरलेले नाही, असे दिसले तर थांबा. कृपादान नाही असा त्याचा अर्थ नाही. ते अजून शिस्तीत आलेले नाही एवढेच. अशा वेळी मंडळीतच बारा आठवड्यांचे एक छोटे काम मागून घ्या. बंद पडलेला शब्बाथ शाळेचा वर्ग पुन्हा सुरू करून तेराव्या आठवड्याला दुसऱ्याच्या हाती देणे ही उत्तम परीक्षा आहे.

मग तिघांना विचारा : पाळकांना, घरच्यांना, आणि तुमच्या कल्पनांना सहसा नाही म्हणणाऱ्या एका माणसाला. प्रश्न नेमका हवा. ‘माझ्यात हे दान आहे का?’ असे विचारले की लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘मी सुरू केलेल्या कुठल्या कामाचा तुम्हाला त्रास झाला?’ असे विचारा.

घरच्यांच्या मताला नकाराधिकार द्यावा, असे आमचे ठाम मत आहे. दर आठवड्याला एक संध्याकाळ जाणार, वन बीएचकेत अधूनमधून पंधरा माणसे येणार, आणि मुलगी दहावीला असेल तर तिच्या अभ्यासाची जागा जाणार. पत्नी किंवा पती मनापासून तयार नसेल तर वर्षभर थांबलेले बरे. पाळकांशी भांडण झाल्यानंतर तीन महिन्यांच्या आत सुचलेले कुठलेही नवे काम तर आपोआप बाद समजा. तिथून सुरू झालेले गट त्या भांडणावरच पोसले जातात आणि पुढचे भांडण झाले की त्याच रीतीने फुटतात.

पाठवणी

प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये अंत्युखियाची मंडळी उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवते आणि त्यांना रवाना करते. 14 व्या अध्यायाच्या शेवटी ते दोघे परत येऊन सगळा वृत्तांत सांगतात. पाठवणी आणि परत येऊन सांगणे, दोन्ही हवे.

पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला, एक पानाचे पत्र द्या. त्यात भाग कोणता, कोणासाठी, कोण कोण जाणार, आठवड्यातला कोणता वार, पहिला टप्पा किती महिन्यांचा आणि दर तीन महिन्यांनी वृत्तांत कोणाला देणार, एवढे पुरे. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन मंडळीच्या नेमलेल्या पाळकांकडूनच होईल हे पत्रातच लिहा. कमिटीच्या मनातली निम्मी शंका त्या एका वाक्याने जाते. पैसे मागू नका. दोन माणसे आणि प्रार्थना मागा. पत्र कमिटीच्या निवडणुकीच्या तोंडावर किंवा डिसेंबरात देऊ नये. निवडणुकीच्या वेळी ते एका गटाचे समजले जाते आणि नाताळच्या धांदलीत ते कोणी वाचत नाही.

कमिटीने नाही म्हटले तर कारण लेखी मागा, सहा महिने थांबा, पुन्हा द्या. अनेकदा पहिला नकार माणसाला असतो, कामाला नसतो. दुसऱ्या वेळी कोण सोबत येत आहे हे पाहून उत्तर बदलते.

पाहणी : चार आठवडे, तोंड बंद

नहेम्या यरुशलेमेत पोहोचल्यावर तीन दिवस थांबला, मग रात्री मोजकी माणसे घेऊन पडक्या तटाभोवती फिरला, आणि देवाने आपल्या मनात काय घातले आहे ते तोवर कोणाला सांगितले नाही. या टप्प्यावर सर्वांत जास्त घाई होते आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

ठरवलेल्या भागात चार वेगवेगळ्या वेळी जा : कामाच्या दिवशी सकाळी सातला, कामाच्या दिवशी रात्री नऊला, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. सकाळी सातला लोक किती वाजता घर सोडतात ते कळते. रात्री नऊला परत किती वाजता येतात ते कळते, आणि त्यावरून आठवड्यातली संध्याकाळची सभा शक्य आहे की नाही ते ठरते. कर्जत किंवा विरारच्या गाडीतून साडेनऊला उतरणारा माणूस बुधवारच्या सभेला येणार नाही. त्याच्या श्रद्धेचा इथे काही संबंध नाही.

रविवारचे गणित रेल्वे ठरवते. मध्य आणि हार्बर मार्गावर बहुतेक रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मेगाब्लॉक सुरू होतो आणि दुपारी चारच्या आसपास संपतो. बाहेरून येणारी टोळी असेल तर सभा सकाळी साडेआठला तरी घ्या, नाहीतर संध्याकाळी साडेपाचला. जागा स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत असावी. त्याहून लांब असेल तर शेअर रिक्षा रात्री नऊनंतर मिळते का ते स्वतः उभे राहून पाहा. पूर्व-पश्चिमही बघा. फाटक किंवा पूल ओलांडावा लागत असेल तर म्हातारी माणसे आणि लहान मुलांच्या आया हळूहळू गळतात.

मग घरे. ओळखीतल्या ओळखीतून, एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे. दार ठोठावत फिरू नका. प्रत्येक घरी फक्त इतके विचारा : सध्या उपासनेला कुठे जाता, जायला किती वेळ लागतो, महिन्यातून किती वेळा जमते, घरात कोणत्या भाषेत प्रार्थना होते, मुले देवनागरी वाचतात का, कामाच्या पाळ्या कशा आहेत, सुट्टीत गावी कधी जाता. शेवटचा प्रश्न विसरू नका. अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडची कुटुंबे मे महिन्यात गावी जातात आणि त्या महिन्यात गट रिकामा होतो. उत्तरे घरी आल्यावर वहीत लिहा, समोर बसून नको. ती वही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

त्या भागात आधीपासून कोण आहे याचा नकाशा करा : सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, कॅथलिक धर्मग्राम, पेंटेकॉस्टल सहभागिता. जवळच्या पाळकांना जाऊन भेटा आणि काय करणार ते स्पष्ट सांगा. रोमकरांस 15:20 इथे अक्षरशः लागू होते. दुसऱ्या मंडळीत नियमित जाणारी माणसे तुमच्याकडे आली तर गट फुगेल, पण तो नवा होणार नाही. अशा माणसाला पहिल्याच भेटीत विचारा, ‘तुमच्या पाळकांना माहीत आहे का?’

चार आठवड्यांनी वही उघडा. किमान तीन घरे, त्यातली दोन दार उघडायला तयार, आणि तिथेच राहणारा असा एक माणूस जो वर्षभरात पुढाकार घेऊ शकेल. हे तिन्ही असेल तर सुरू करा. तिसरी अट पुरी होत नसेल तर सुरू करू नका. महिन्यातून एकदा भेटी देत राहा. बाकीच्या उणिवा भरून निघतात, ही निघत नाही. फिलिप्पैला लुदियाने स्वतःहून घर उघडले आणि तिथून काम वाढले. पौल तर काही दिवसांत पुढे निघून गेला होता.

टोळी

बाहेरून जाणारी माणसे चारपेक्षा जास्त नकोत. सहा यजमान आणि आठ पाहुणे असे झाले की घरातले लोक चहा करण्यापुरते उरतात. एक सुरू करणारा, म्हणजे तुम्ही. एक माणसांजवळ बसणारी, आजारपण आणि नोकरीची चिंता ऐकून घेणारी. हा बर्णबाचा स्वभाव तुमच्यात बहुधा नसतो, म्हणून तो सोबत न्यायचा. एक शास्त्र शिकवणारा. एक मुलांना सांभाळणारी. हिशेब यांच्यापैकी कोणीही ठेवावा, फक्त तुम्ही नको. चौघेही गाणारे असतील तर टोळी चुकली.

पहिले बारा आठवडे

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करा. बारा आठवडे मोजले की पुनरुत्थानाच्या सणाच्या आसपास येता, आणि मेची सुट्टी लागायच्या आत गट उभा राहतो. जूनमध्ये सुरू केलेला गट पहिल्याच महिन्यात पाणी तुंबण्यात आणि बंद गाड्यांत सापडतो; ऑगस्टअखेरपासून गणपती, दिवाळीच्या सुट्ट्या आणि नाताळची तयारी एकामागून एक येतात.

सभा पंचाहत्तर मिनिटांची. गीते पंधरा मिनिटे, स्तोत्र आणि प्रार्थना दहा, शास्त्रवाचन आणि चर्चा पंचवीस, एकमेकांसाठी नावानिशी प्रार्थना पंधरा, चहा दहा. घड्याळ पाळा. सोमवारी पहाटे पाचची गाडी पकडणारा माणूस सभा वेळेवर संपते या भरवशावरच येतो.

गीतांसाठी ‘उपासना संगीत’मधली आठ गीते ठरवा आणि बारा आठवडे तीच फिरवा. प्रत्येक आठवड्याला नवे गीत आणले की दोघे गातात आणि बाकीचे ऐकतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने टाळांवर उत्तम जमतात. अ‍ॅम्प्लिफायर नको. दहा बाय बाराच्या खोलीत त्याची गरज नसते आणि शेजारी सर्वप्रथम त्यावरच बोट ठेवतात. खरे तर त्याआधीही एक तक्रार येते, ती चपलांची. पॅसेजमध्ये पंधरा जोड पसरले की सेक्रेटरीकडे निरोप जातोच. चपला पिशवीत घालून आत घ्या. यजमानांनी सेक्रेटरीला आधीच सांगावे : आठवड्यातून एकदा, अमुक वाजेपर्यंत, इतकी माणसे.

चहाबरोबर फक्त बिस्किटे, हा नियम पहिल्या दिवशीच करा. नाहीतर पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी पोहे आणि शिरा, तिसऱ्या घरी पुलाव, आणि चौथे घर ‘आमच्याकडे सध्या जमणार नाही’ म्हणते. गरीब घर गटातून कशामुळे गळले हे मग कोणाला कळतही नाही.

वाचनाला मार्कचे शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, वाक्ये छोटी, प्रसंग भराभर. पहिल्या बारा आठवड्यांत साधारण आठ अध्याय होतात. उपदेश नको, तीन प्रश्न पुरतात : येशूने इथे काय केले, लोकांना ते कसे वाटले, आपल्याला या आठवड्यात काय करायला सांगितले आहे. ज्या मुलांना देवनागरी जड जाते त्यांना तोच उतारा आधी इंग्रजीत वाचू द्या आणि मग एकच वचन मराठीत मोठ्याने वाचायला द्या. वर्षभरात ती मुले अडखळत का होईना वाचू लागतात.

पहिल्या आठवड्याला हितचिंतक धरून वीस माणसे येतील. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत सात उरतील. हे ठरलेलेच आहे. इथे सुरू करणाऱ्याचा धीर सुटतो आणि तो बाहेरचा वक्ता किंवा गायनसंघ बोलावतो. त्या रविवारी पस्तीस माणसे येतात, पुढच्या रविवारी पाच. सातांवर राहा. त्या सातांच्या घरी आठवड्यात एकदा फोन, महिन्यात एकदा भेट. दुसऱ्या बाजूने, सलग चार आठवडे अठराच्या वर गेलात तर खोलीचा प्रश्न येण्याआधीच दोन घरी बसायला लागा.

पैसा आणि कागद

पहिले तीन महिने दान गोळा करू नका. नंतर जमेल ते पाठवणाऱ्या मंडळीच्या खात्यात, पावतीसह. स्वतःच्या यूपीआयचा क्यूआर कोड कधीच पुढे करू नये. माणूस प्रामाणिक असला तरी संशय पैशामागोमाग येतो. हॉल भाड्याने घ्यायची वेळ आली तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत करा आणि तो संस्थेच्या नावे असू द्या. स्वतंत्र ट्रस्टची घाई नको. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशेब आणि विश्वस्तांतील बदलांची नोंद हे सगळे मागे लागते. कोणी परदेशी माणूस किंवा संस्था देणगी पाठवतो म्हणाली तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही, मग ती कितीही छोटी असो.

घटनेच्या अनुच्छेद 25 ने धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या मर्यादेत. मदत आणि सभेचे आमंत्रण एकत्र कधीही देऊ नका. कोणाची फी भरायची असेल, धान्य द्यायचे असेल तर ते निमूटपणे, सभेचा विषयही न काढता. आलेल्या माणसांचे, विशेषतः मुलांचे, व्हिडिओ काढून रील करू नयेत.

काय बिघडते

आठव्या-नवव्या महिन्यात हे कृपादान असलेल्या माणसाला कंटाळा येतो. सगळे सुरळीत चालू असते आणि तेच त्याला सोसत नाही. तो तिथेच काहीतरी नवे काढतो : वार बदलतो, पुस्तक बदलतो, नाहीतर शेजारच्या स्टेशनला दुसरा गट उघडतो आणि दोन्ही अर्धवट राहतात. पहिला गट पूर्ण हवाली होईपर्यंत दुसरा उघडायचा नाही, अशी बेडी पाठवणाऱ्या मंडळीने सुरुवातीलाच घालावी.

दुसरे बिघाडाचे ठिकाण म्हणजे सगळे स्वतः करणे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला पाहून इथ्रोने त्याला सांगितले की तू आणि लोक दोघेही झिजून जाल. इथ्रो सासरा होता म्हणून हे बोलू शकला. तुमच्या टोळीत असे बोलू शकणारे कोणी आहे का ते पाहा.

काही वेळा दारच बंद असते. पौलाला आशियात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिले नाही, आणि त्रोवसला येऊन पोहोचल्यावर मासेदोनियाची हाक आली. यजमान कुटुंब बदली होऊन गेले, दुसरे दार उघडले नाही, सहा महिने कोणीही स्थानिक पुढे आले नाही, तर गट सन्मानाने थांबवा आणि मंडळीला तसे कळवा. मात्र थोडी माणसे हे थांबण्याचे कारण नव्हे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारला ते इथे नकोच होते. सोबती सॅम्युएल नॉट 1815 मध्ये आजारपणामुळे परतले. हॉल 1826 मध्ये पटकीने वारले. तेरा वर्षांत त्यांच्या हाताला मोठी मंडळी लागली नाही. मागे उरल्या त्या शाळा, छापखाना आणि मराठी नव्या कराराचे काम, आणि पुढच्यांनी बांधले ते त्यावरच.

हवाली करणे

हे पाचव्या आठवड्यापासून सुरू होते. पाचव्या आठवड्याला गीतांची निवड स्थानिक माणसाकडे द्या, आठव्याला प्रार्थनेचा भाग, बाराव्याला चर्चा. तो चुकेल, सभेत दुरुस्त करू नका, येताना स्टेशनपर्यंत चालत बोला. सहाव्या महिन्यापासून महिन्यातला एक रविवार तुम्ही जाणूनबुजून गैरहजर राहा आणि त्या दिवशी फोनही करू नका. नवव्या महिन्यापासून दोन रविवार. पौल करिंथात दीड वर्ष राहिला, इफिसात सुमारे तीन वर्षे. घरगुती गटाला बारा ते अठरा महिने पुरतात.

एकावर नव्हे, दोघांतिघांवर सोपवा. रमाबाईंनंतर त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचे काम त्यांची कन्या मनोरमा पाहील असे योजले होते, पण मनोरमा 1921 मध्ये वारल्या आणि रमाबाई त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल 1922 मध्ये. काम चालू राहिले, कारण केडगावात ते उचलणारे आणखी हात होते. ना. वा. टिळकांना मात्र वेळच मिळाला नाही : 1917 मध्ये साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला आणि मे 1919 मध्ये ते गेले. निवड करताना 1 तीमथ्य 3:6 पाहा, नवशिक्यावर जबाबदारी टाकू नये असे तिथे स्पष्ट आहे. बोलका माणूस निवडण्याचा मोह होतो. लोक अडचणीत आधी कोणाला फोन करतात ते पाहा आणि त्याला निवडा.

शेवटच्या रविवारी पाळकांना बोलवा आणि त्यांच्याकडून सर्वांसमोर नव्या माणसांवर हात ठेवून प्रार्थना करून घ्या. त्याच दिवशी वस्तूही द्या : हजेरीची वही, हिशेबाची वही, गीतपुस्तके, टाळ, हॉलची किल्ली असेल तर ती. व्हॉट्सअ‍ॅप गटाचे अ‍ॅडमिनपद सोडा आणि मग गटही सोडा. माणसे किल्ली सहज देतात, अ‍ॅडमिनपद मात्र वर्षभर धरून ठेवतात, आणि तोवर प्रत्येक छोटा निर्णय त्यांच्याकडेच येत राहतो. पुढचे सहा महिने त्या सभेला जाऊ नका. लग्नाला, मौतीला, आजारपणाला जरूर जा. कोणी नव्या पुढाऱ्याची तक्रार घेऊन आले तर ऐकून घेण्याआधीच त्याला त्या पुढाऱ्याकडे परत पाठवा. हे सहा महिने आपल्या मंडळीत मागच्या बाकावर बसा, बुधवारच्या सभेला जा, आणि पुढच्या भागाची पाहणी सातव्या महिन्याच्या आधी सुरू करू नका.